घरच्या घरी सीफूड बॉइल: एक टोप, चार माणसं आणि वेळेचा हिशेब

सीफूड बॉइल म्हणजे खेकडे, कोळंबी, शिंपल्या, बटाटे आणि मका एकाच टोपात, मसालेदार खारट पाण्यात उकडलेले. तो बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी. पाणी अळणी राहतं, किंवा सगळे जिन्नस एकदम टोपात पडतात. पाणी अळणी असलं की वरून कितीही लोणी ओता, बटाट्याच्या आत आणि खेकड्याच्या नांग्यांत काहीच पोचलेलं नसतं. आणि सगळं एकदम टाकलं की बटाटा शिजेपर्यंत कोळंबी चामट होते, किंवा कोळंबी वाचवायला गेलं की बटाटा कच्चा राहतो. हे दोन धोके सांभाळले तर यात अवघड काही नाही. परतणं नाही, वाटण नाही. एका टोपात सगळं शिजतं, टेबलाच्या मधोमध ओतलं जातं आणि सगळे हातांनी खातात.

हा पदार्थ अमेरिकेच्या किनारपट्टीचा. लुइझियानात तो क्रॉफिश (गोड्या पाण्यातला, छोट्या लॉबस्टरसारखा जीव) घालून होतो आणि तिखटजाळ असतो. दक्षिण कॅरोलायनात कोळंबी, मका, बटाटे आणि धुरावलेलं सॉसेज असं त्याचं रूप आहे. तिथल्या सेंट हेलेना बेटावरच्या फ्रॉगमोर वस्तीवरून त्याला फ्रॉगमोर स्टू असंही म्हणतात. मेरीलँडकडे खेकड्यांचा मान मोठा, आणि त्यांच्यासाठीचा ओल्ड बे मसाला 1939 मध्ये गुस्ताव ब्रुन यांनी बाल्टिमोरला बनवायला घेतला. मेरीलँडला खेकडे बहुधा वाफवतात, पण बाकी दोन्हीकडे जिन्नस वेगळे असले तरी गाभा तोच: भरपूर मसालेदार, खारट पाणी आणि ठरलेला क्रम. आपण तो गाभा धरायचा आणि ताजं जे मिळेल ते त्यात बसवायचं.

किती घ्यायचं

चार जणांसाठी माझा हिशेब असा:

पाणी 5 लिटर, मीठ 100 ग्रॅम
लहान बटाटे 700 ग्रॅम
मक्याची कणसं 3, प्रत्येकाचे तीन-चार तुकडे
मध्यम खेकडे 4, साधारण 250 ग्रॅमचा एक
शिंपल्या म्हणजे तिसऱ्या 500 ग्रॅम
कवचासकट, डोकं काढलेली मोठी कोळंबी 700 ग्रॅम
कांदे 2, लसणाचे अख्खे गड्डे 2, लिंबं 3

कवचाचं वजन यात बरंच असतं, म्हणून आकडे मोठे दिसले तरी खाणं जास्त होत नाही. खेकडे नको असतील तर कोळंबी किलोभर घ्या. धुरावलेलं सॉसेज आवडत असेल तर 300 ग्रॅम, दोन बोटांएवढे तुकडे करून मक्याबरोबर टाका. मासे मात्र यात घालू नका. तुकडे फुटतात, पाणी गढूळ होतं आणि काटे सगळ्यात मिसळतात. माकूलही मी टाळतो. त्याला मिनिट-दीड मिनिटापेक्षा जास्त उकळ सोसत नाही, आणि एवढ्या गर्दीत ते वेळेवर बाहेर काढणं जमत नाही.

टोप 12 लिटरचा हवा. पाणी आणि जिन्नस मिळून नऊ लिटरच्या वर जातात, आणि वरचा पाव भाग मोकळा राहिला नाही तर उकळी येताच पाणी ओटाभर होतं. एवढा टोप घरी नसेल तर सगळं निम्मं करून दोन खेपांत शिजवा. दुसऱ्या खेपेला तेच पाणी वापरता येतं, फक्त पहिल्या खेपेत लिंबू टाकू नका, आंबट पाण्यात पुढचे बटाटे लवकर शिजत नाहीत, आणि खरं सांगायचं तर दुसरी खेप जास्त चवदार होते. टोपाला घट्ट बसणारं झाकण असायला हवं. घरच्या शेगडीची आच एवढ्या पाण्याला बेताचीच असते, झाकण नसेल तर उकळी परत यायला फार वेळ जातो.

बाजारात काय बघायचं

कोळंबी दाबली की टणक लागली पाहिजे, आणि तिला समुद्राच्या पाण्याचा वास हवा. अमोनियासारखा झोंबणारा वास आला तर ती स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नका. कवचावरचे काळे डाग पाहून मात्र लगेच घाबरू नका. हवेशी संबंध आल्यावर कवचातल्या विकरांमुळे ते पडतात, त्यावरून कोळंबी खराब झाली असं ठरत नाही. वास आणि टणकपणा यांवर विश्वास ठेवा. आकार किलोला 45-55 नग बसतील एवढा असावा. त्याहून लहान कोळंबी या पद्धतीत डोळ्यादेखत जास्त शिजते.

गोठवलेली कोळंबी चालते, आणि दिवसभर बाहेर पडून राहिलेल्या 'ताज्या'पेक्षा ती चांगलीच. ती रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या. घाई असेल तर पिशवी घट्ट बांधून गार पाण्यात पाऊण तास बुडवा. ओट्यावर उघडी ठेवू नका आणि गरम पाण्यात टाकू नका. गोठवलेले खेकड्याचे पाय घेतलेत तर पाकिटावर नीट वाचा. ते बहुधा आधीच शिजवलेले असतात, त्यांना फक्त चार-पाच मिनिटं गरम व्हायला लागतात.

खेकडा जिवंतच घ्यायचा. मेलेल्या खेकड्याचं मांस फार झपाट्यानं बिघडतं, म्हणून न हलणारा खेकडा परत टोपलीत. हातात घेतल्यावर आकाराच्या मानानं जड लागणारा निवडा. हलका लागतो त्याच्या आत नुकतीच कात टाकल्यामुळे मांस कमी आणि पाणी जास्त असतं.

शिंपल्या बंद असाव्यात. एखादी किंचित उघडी असेल तर तिच्यावर बोटानं टिचकी मारा. मिटली तर जिवंत, नाही मिटली तर टाकून द्या. फुटलेल्या कवचाची तर घ्यायचीच नाही.

साफसफाई

शिंपल्यांपासून सुरुवात करा, कारण त्यांना वेळ लागतो. लिटरभर गार पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा, म्हणजे पाणी समुद्राच्या जवळपास खारट होतं. त्यात शिंपल्या तास-दीड तास अंधाऱ्या, गार जागी ठेवा. त्या उघडतात, पाणी आत-बाहेर करतात आणि पोटातली वाळू सोडतात. साध्या गोड्या पाण्यात ठेवल्या तर मरतात. घट्ट झाकणही लावू नका. नंतर भांडं चाळणीत उपडं करण्याचा मोह होतो, तो आवरा. खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्याच अंगावर पडते. हातानं वर उचलून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि कवचं ब्रशनं घासा.

कोळंबीचं कवच काढायचं नाही. उकळीत तेच मांसाला सांभाळतं. लहान कात्री घेऊन डोक्याकडच्या बाजूनं पाठीवरून शेपटीच्या आधीच्या पेरापर्यंत कवच कापत जा. कात्रीचं टोक मांसात जेमतेम शिरेल इतकंच. आता काळा दोरा वर दिसेल, तो टूथपिकनं उचलून ओढला की अख्खा निघतो. या चिरेचा आणखी एक फायदा म्हणजे मसाला आत जातो आणि ताटात सोलताना कवच एका झटक्यात सुटतं.

खेकडे शिजवण्याआधी 20-30 मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. गारठ्यानं ते सुस्त होतात, नांगी मारत नाहीत, आणि त्यांचे हालही कमी होतात. मग पोटाकडची त्रिकोणी झडप उचलून त्याखाली सुरीचं टोक जोरात खुपसा. पाठीचं कवच काढा, दोन्ही बाजूंचे करडे पिसांसारखे कल्ले उपटून टाका, ते खायचे नसतात. उरलेल्या अंगाचे दोन तुकडे करा आणि नांग्यांना बत्त्याचा एक हलका ठोका द्या, कवच तडकेल एवढाच. अख्खा खेकडा टोपात टाकणारे बरेच आहेत. दिसायला तो छान दिसतो, पण त्याच्या आत मसाल्याचं पाणी शिरतच नाही. हे काम मासेवाल्याकडून करून घेतलंत तर घरी आल्यावर खेकडे फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी शिजवा.

पाणी

लिटरला 20 ग्रॅम मीठ ऐकायला जास्त वाटतं, पण हे पाणी प्यायचं नाही. बटाटा सालीतून आणि कोळंबी कवचातून थोडंच ओढून घेते. 5 लिटरला 100 ग्रॅम म्हणजे सहा सपाट मोठे चमचे. तयार पाकिटातला मसाला वापरणार असाल तर त्यात बरंच मीठ असतं. अशा वेळी निम्मंच मीठ घालून पाणी चाखा आणि मग वाढवा. चव खारट सारासारखी लागली पाहिजे.

तयार मसाल्याची गरज नाही. एका स्वच्छ पातळ कापडात दोन मोठे चमचे मोहरी, दोन मोठे चमचे धणे, चमचाभर मिरे, सहा लवंगा, चार तमालपत्रं आणि आठ-दहा सुक्या लाल मिरच्या मोडून बांधा. मिळाल्यास सेलरीच्या दोन काड्या सुट्या टाका. पुरचुंडी बांधायचं कारण साधं आहे. सुटे मिरे आणि लवंगा कणसाच्या दाण्यांत अडकतात आणि खाताना दाताखाली येतात. कांदे चार फोडी करून आणि लसणाचे गड्डे आडवे अर्धे कापून पाण्यात सोडा. झाकण ठेवून उकळी आणा आणि मग आच कमी करून 15 मिनिटं उकळू द्या. अजून एकही जिन्नस पडलेला नाही, तरी घरभर वास सुटला पाहिजे. नाही सुटला तर मसाला कमी पडलाय, तो आत्ताच वाढवा. नंतर वाढवून उपयोग नाही.

लिंबू अजून घालायचं नाही. बहुतेक पाककृती ते सुरुवातीलाच टाकायला सांगतात आणि मग बटाटे का शिजत नाहीत, असा प्रश्न पडतो. आंबट पाण्यात भाज्यांच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन लवकर सुटत नाही, त्यामुळे बटाटा मऊ व्हायला फार वेळ लागतो. बटाटा जवळजवळ मऊ झाला की लिंबं अर्धी कापून, पिळून, सालीसकट टाका.

क्रम

वेळेचा हिशेब शेवटाकडून मांडायचा. गॅस बंद करायचा क्षण धरा आणि तिथून मागे मोजत या. कोळंबी त्याच क्षणी पडते. शिंपल्या त्याआधी पाच मिनिटं, मका सहा मिनिटं, खेकडे आठ मिनिटं, आणि बटाटे वीस मिनिटं. मोबाइलवर गजर लावा, अंदाजावर जाऊ नका.

बटाटे चार सेंटीमीटरच्या आसपासचे, सालीसकट, अख्खे घ्या. मोठे असतील तर फोडी करा. सगळ्यांचा आकार सारखा हवा, ही एकच अट. उकळत्या मसाल्याच्या पाण्यात टाकून 12 मिनिटं शिजू द्या, मग सुरीचं टोक खुपसून बघा. टोक सहज शिरलं आणि मधोमध किंचित अडलं की पुढच्या पायरीला हरकत नाही. उरलेलं काम पुढच्या आठ मिनिटांत होतं. टोक अर्ध्यातच थांबलं तर थांबा. इथे घाई केली तर नंतर ती भरून काढता येत नाही, कारण पुढचे सगळे जिन्नस बटाट्यासाठी थांबणारे नाहीत.

आता लिंबं आणि खेकडे. आच पूर्ण मोठी. किलोभर गार खेकडे पडले की उकळी बसते, आणि घरच्या शेगडीवर ती परत यायला काही मिनिटं लागतात. झाकण लावा आणि उकळी परत आल्यावरच आठ मिनिटं मोजायला लागा. हा नियम कोळंबी सोडून सगळ्यांना लागू. खेकड्याऐवजी अर्धा-पाऊण किलोचा लॉबस्टर असेल तर त्याला बारा मिनिटं द्या.

दोन मिनिटांनी मका. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, फक्त ताजं कणीस घ्या. तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठात बदलत जाते, म्हणून जुनं कणीस कितीही शिजवलं तरी गोड लागत नाही.

पुढच्या मिनिटाला शिंपल्या. त्या जाळीच्या पिशवीत किंवा टोपात बसेल अशा दांड्याच्या गाळणीत घालून सोडा. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला कवचं उघडताना बारीक टकटक ऐकू येते. बहुतेक उघडल्या की पिशवी उचलून बाजूला ठेवा. बंद राहिलेल्या टाकून द्या, सुरीनं उघडायचा प्रयत्न करू नका.

आता कोळंबी. ती टाका, झाऱ्यानं एकदा खाली दाबा, गॅस बंद करा आणि झाकण लावा. आच नसली तरी एवढं गरम पाणी कोळंबी शिजवायला पुरेसं असतं. चार ते पाच मिनिटांत ती होते. रंगावर मात्र जाऊ नका. कच्च्या कवचातही तो लालसर रंग असतोच, पण एका प्रथिनाला बांधलेला असल्यामुळे करडा-निळा दिसतो. उष्णतेनं प्रथिन मोडलं की रंग मोकळा होतो, आणि हे आतलं मांस शिजायच्या आधीच घडतं. म्हणून एक कोळंबी काढून सर्वात जाड जागी कापून बघा. मांस मोत्यासारखं पांढरं आणि अपारदर्शक हवं. थर्मामीटर असेल तर आत 63 अंश सेल्सिअस. आकारावरूनही कळतं. शेपूट आणि मान यांच्यात जागा राखून वळलेली म्हणजे झाली. गोल वेटोळं झालं म्हणजे उशीर झाला.

कोळंबी शेवटी टाकल्यामुळे वरच्या थरातच असते. ती झाऱ्यानं काढून घ्या आणि खेकडे, बटाटे, मका तसेच गरम पाण्यात झाकून आणखी दहा मिनिटं राहू द्या. मला या सगळ्या कृतीतली सर्वात महत्त्वाची दहा मिनिटं हीच वाटतात. उकळताना बटाटा शिजतो, पण मुरतो तो आच बंद झाल्यावर. एक बटाटा लगेच आणि एक दहा मिनिटांनी कापून चाखून बघा, फरक जिभेला स्वच्छ कळतो.

लोण्याचं सॉस

त्या दहा मिनिटांत सॉस करा. बिनमिठाचं 150 ग्रॅम लोणी मंद आचेवर वितळवा, त्यात आठ पाकळ्या लसूण अगदी बारीक चिरून घाला. लसूण पांढराच राहू द्या. तांबूस झाला की कडवटपणा येतो आणि तो सगळ्या सॉसमध्ये पसरतो. दोन मिनिटांनी आच बंद करून एक मोठा चमचा पॅप्रिका (कमी तिखट, लाल मिरचीची पूड) आणि अर्धा चमचा लाल तिखट घाला. मिरचीचा रंग आणि तिखटपणा स्निग्ध पदार्थात विरघळतो, पाण्यात फारसा नाही, म्हणून तिखट हवं असणाऱ्यांसाठी ते इथेच वाढवा. शेवटी टोपातलं पाऊण वाटी पाणी थोडंथोडं घालत व्हिस्कनं जोरात फेटा. लोणी आणि पाणी एकजीव होऊन सॉस किंचित दाट होतं आणि कोळंबीला लपेटून बसतं. नुसतं वितळलेलं लोणी ताटाच्या तळाशी जाऊन बसतं. मीठ मात्र चाखल्याशिवाय घालू नका, टोपातल्या पाण्यातून बरंच आलेलं असतं.

वाढताना

पाहुण्यांना बोलावतानाच विचारा, कोणाला कवचाच्या माशांची ॲलर्जी आहे का. ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते. अशा माणसासाठी बटाटे आणि मका वेगळ्या भांड्यात, वेगळ्या पाण्यात, वेगळ्या झाऱ्यानं शिजवा. फक्त खेकडा-कोळंबी ताटाबाहेर ठेवून भागत नाही. टोपातली वाफही काहींना त्रास देते, तेव्हा त्याच खोलीत बसवायचं का, हेही त्यांनाच विचारून ठरवा.

टेबलावर कोरा जाड कागद किंवा बटर पेपर अंथरा. छापील वर्तमानपत्र वापरू नका, गरम आणि तेलकट पदार्थाला शाई लागते. पाणी पूर्ण निथळून, म्हणजे चाळणीत दोन-तीन मिनिटं ठेवून, बटाटे, मका आणि खेकडे मधोमध ओता. कोळंबी आणि शिंपल्या एका मोठ्या भांड्यात निम्म्या सॉसमध्ये घोळवून वरून पसरा. एवढ्यात त्या थोड्या गार झालेल्या असतात, गरम सॉसनं पुन्हा ऊब येते. उरलेलं सॉस वाट्यांत, लिंबाच्या फोडी जवळ. कवचांसाठी दोन रिकामी भांडी, नांग्यांसाठी अडकित्ता किंवा बत्ता आणि हात पुसायला ओली फडकी ठेवा. पाव असेल तर उत्तमच, उरलेलं सॉस पुसून घ्यायला लागतो. मुलांसाठी खेकड्याचं मांस मोठ्यांनी काढून द्यावं, तडकलेल्या कवचाची धार बोटाला लागते.

उरलं तर

दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. कोळंबी आणि खेकडे सोलून मांस वेगळं ठेवा. कवचासकट ठेवलं तर वास लवकर धरतं आणि जागाही जास्त लागते. दुसऱ्या दिवशी ते गारच खावं, लिंबू पिळून, किंवा अगदी शेवटी भातात मिसळून गरम करावं. पुन्हा उकळलं तर चामट होतं. उरलेले बटाटे हातानं दाबून चपटे करा आणि तव्यावर लोण्यात कुरकुरीत भाजा.

टोपातलं पाणी ओतून देऊ नका. ते बारीक कापडातून गाळा, तळाशी राहिलेली वाळू वगळून. पाणी पसरट भांड्यात लवकर गार करून छोट्या डब्यांतून फ्रीझरमध्ये ठेवा. ते खूप खारट असतं, म्हणून एका वाटीला तीन वाट्या साधं पाणी घालून सूपसाठी किंवा भातासाठी वापरा. त्या दिवशी वेगळं मीठ लागत नाही.